'आकार' म्हणजे आकार नव्हे

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'आकार' असा एक शब्द असतो. शाळेतलं मराठी घेऊन उतारा वाचायला बसलेल्या माणसाला वाटतं, शेत चौकोनी की तिकोनी ते इथे लिहिलं असणार. तिथे असतात रुपये आणि पैसे. महसुलाच्या भाषेत आकार म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला सारा. तसंच 'कूळ' म्हणजे घराणं नव्हे, दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा माणूस. 'भोगवटादार वर्ग २' म्हणजे दुय्यम दर्जाचा शेतकरी नव्हे. ज्याला ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय सहसा विकता येत नाही असा. आणि 'आणेवारी' तर एकाच तलाठ्याच्या टेबलावर दोन अर्थांनी सुखाने नांदते: भावाभावांतला हिस्सा सांगायला, आणि यंदा पीक किती आणे आलं ते सांगायला.

हे सगळं आज का, तर दर दिवाळीला मला घरात एक प्रश्न विचारला जातो, की तू नक्की करतेस काय? "कॉम्प्युटरमध्ये आहे" हे उत्तर आता मामांनासुद्धा पुरत नाही. तर मामा, मी प्रोग्रॅम लिहीत नाही. प्रोग्रॅम लिहिण्याआधी, तो कुणाला हवाय, कशासाठी हवाय, त्याने काय काय करायला हवं, हे लोकांना विचारून लिहून काढते. आमच्या धंद्यात ह्याला 'रिक्वायरमेंट गोळा करणं' म्हणतात. जणू त्या पारिजातकाच्या फुलांसारख्या अंगणात पडलेल्या असतात आणि आपण परडी घेऊन जायचं! प्रत्यक्षात गिऱ्हाईक त्याच्या अर्थाने बोलतं, मी माझ्या अर्थाने ऐकते, आणि दोघंही एकच भाषा बोलत असल्यामुळे कुणालाच शंका येत नाही. शंका येते ती सॉफ्टवेअर तयार झाल्यावर.

ह्यावर एक उपाय गेली चाळीसेक वर्षं सांगितला जातो. आधी मागण्या विचारू नका, आधी त्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी *आहेत* आणि त्यांची एकमेकांशी नाती काय ते मांडा, मग मागण्या त्या मांडणीवर ठेवून तपासा. ह्या मांडणीला 'डोमेन ऑन्टॉलॉजी' असं भारदस्त नाव आहे. ऑन्टॉलॉजी हा मूळचा तत्त्वज्ञांचा शब्द: जगात कोणकोणत्या जातीच्या गोष्टी आहेत ह्याचा विचार. संगणकवाल्यांनी तो उसना घेतला. १९९३ साली टॉम ग्रुबर ह्यांनी त्याची जी व्याख्या केली ती अजून सगळे देतात. थोडक्यात सांगायचं तर, एखाद्या क्षेत्राकडे आपण ज्या कल्पनांमधून बघतो त्या उघडपणे आणि नेमकेपणाने लिहून ठेवणं. शब्दकोश तुम्हाला सांगेल की खातेदार म्हणजे काय. ऑन्टॉलॉजी सांगेल की खातेदार आणि जमीन ह्यांच्यामध्ये 'हक्क' नावाचं काहीतरी असतं, तो हक्क कुणाचा तरी आणि कशावर तरी असावाच लागतो, आणि तो कधीतरी सुरू होतो आणि कधीतरी संपतो.

वाचायला कोरडं वाटतं, मान्य. म्हणून उदाहरण घेते, आणि ते संगणकाच्या आधी शंभर वर्षांहून जुनं आहे. इंदापूरचं.

पेशवाई १८१८ साली बुडाली आणि दख्खनचा सारा ठरवणं कंपनी सरकारच्या अंगावर आलं. पुणे जिल्ह्यात हे काम प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे गेलं. हेलीबरीच्या कॉलेजात शिकून आलेला, रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत डोक्यात पक्का बसलेला. त्याचं म्हणणं, शेताचं एकूण उत्पन्न घ्या, त्यातून लागवडीचा सगळा खर्च वजा करा, उरेल ते 'निव्वळ उत्पन्न', आणि त्याचे शेकडा ५५ सरकारचे. कागदावर ह्याच्याइतकं न्याय्य काही नाही. आणि प्रिंगल काही खुर्चीत बसून राहिला नव्हता. त्याने जमिनी मोजल्या, मातीच्या प्रती लावल्या, पीक किती, बियाणं किती, बैल किती, मजुरी किती, सगळं गावोगाव विचारून घेतलं.

पण 'निव्वळ उत्पन्न' नावाची गोष्ट इंदापूरच्या शेतकऱ्याच्या जगात नव्हती. बैल घरचे, बी घरचं, राबणारी माणसं घरची. बायको निंदणीला जाते तिची मजुरी किती धरायची? विचारणाऱ्याकडे त्या कल्पनेचा रकाना होता, सांगणाऱ्याकडे ती कल्पनाच नव्हती. त्यात उत्तर कमी सांगण्यात शेतकऱ्याचा फायदा आणि उत्तर हवं तसं लिहिण्यात हाताखालच्या कारकुनांचा फायदा. आकडे आले, भरपूर आले आणि फार नेमके दिसणारे आले. १८३० च्या सुमाराला त्यांवरून नवे दर लागू झाले. पाऊस दगा देत होता, धान्याचे भाव पडलेले होते, आणि वरून हा सारा. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडल्या, बाकी थकली, कितीतरी कुटुंबं निजामाच्या मुलखात निघून गेली.

माझ्या धंद्यातली माणसं हे वाचून ओळखीचं हसतील. प्रश्नावली उत्तम, प्रतिसाद शंभर टक्के, आणि निष्कर्ष साफ चुकलेला. (फरक इतकाच की आमच्या चुकीने कुणाला गाव सोडावं लागत नाही. बहुतेक वेळा.)

१८३५ साली ते काम नव्याने करायला गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट असे दोघे आले. एक मुलकी अधिकारी, दुसरा लष्करातला इंजिनियर. त्यांनी प्रश्नच बदलला. 'ह्या शेतातून निव्वळ काय उरतं' हे विचारणं सोडून दिलं आणि 'ही माती कोणती आहे' एवढंच विचारलं, तेही माणसाला नाही, जमिनीला. काळी आहे, तांबूस आहे की मुरमाड? किती हात खोल? त्यावरून मातीच्या नऊ प्रती. सगळ्यांत चांगलीला सोळा आणे, मग उतरत उतरत खाली. शिवाय दोष वेगळे: चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, शेत उताराचं आहे का, पाणी साचतं का. प्रत्येक दोषाला एक चिन्ह, आणि दोष लागला की प्रत उतरणार. प्रतबंदी करणारा कारकून वहीत शेताचा आराखडा काढून त्याचे चौकोन पाडायचा आणि प्रत्येक चौकोनात माती, खोली, दोष ह्यांच्या खुणा भरायचा. कुणाला शंका आली तर दुसऱ्याने जाऊन खणून बघावं. प्रत्यक्ष दर किती लावायचा हा प्रश्न त्यांनी निराळा काढला आणि तो गावांचा एकेक गट धरून सोडवला: मागची वसुली कशी होत आली, पाऊस कसा, बाजार किती लांब. दर उतरले, तीस वर्षांसाठी कायम झाले, आणि माणसं परत येऊ लागली. १८४७ साली ह्या पद्धतीचा 'जॉइंट रिपोर्ट' निघाला आणि मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची तीच पोथी झाली.

मला ह्यात सगळ्यांत आवडतं ते सोळा आण्यांचं माप. ते विंगेटने विलायतेहून आणलेलं नव्हतं. सोळा आणे म्हणजे पूर्ण, हे गावात पोरालासुद्धा कळत होतं. ज्यांच्याबद्दल नोंद करायची त्यांच्याच डोक्यातली चौकट घ्यायची आणि ती इतकी घट्ट करायची की दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी उत्तर एकच यावं, हा तो धडा.

पण विंगेटचा गौरव करून थांबले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. त्याच्या वहीत मातीला नऊ प्रती होत्या, सावकाराला एकही रकाना नव्हता. वही सारा वसूल करण्यासाठी होती. तिला हवा होता सारा भरणारा खातेदार. त्या खातेदाराने जमीन कुणाकडे गहाण टाकली आहे, प्रत्यक्ष कसतो कोण, हे तिच्या दृष्टीने *नव्हतंच*. (खुद्द विंगेटने १८५२ साली सावकारीच्या विळख्याबद्दल सरकारला कळवलं होतं. माणसाला दिसत होतं, वहीला दिसत नव्हतं!) तीस वर्षांची मुदत संपल्यावर दर चढले, कर्ज वाढलेलं होतंच, आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून जे शाळेत शिकलो ते हेच. सुपं इंदापूरपासून काही फार लांब नाही.

सारा भरणाऱ्यापलीकडचे हक्क (गहाण, कूळ वगैरे) नोंदवायचा कायदा मुंबई इलाख्यात आला १९०३ साली. म्हणजे 'जमिनीच्या नोंदीत काय काय असतं' ह्या यादीत भर पडायला १८३५ पासून जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

आज आपण ज्याला सातबारा म्हणतो तो ह्याच परंपरेतला कागद. तलाठ्याकडे एक ते एकवीस असे 'गाव नमुने' असतात. सातवा नमुना अधिकार अभिलेखाचा, म्हणजे जमीन कुणाची. बारावा पिकांचा, म्हणजे तिच्यात काय पिकलं. दोन्ही एका कागदावर, म्हणून सात-बारा. सहावा नमुना फेरफाराचा. सातव्यावरचं कुठलंही नाव फेरफाराशिवाय बदलत नाही. आठ-अ मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. म्हणजे बघा: वस्तू एकीकडे, माणसं एकीकडे, त्यांच्यातला हक्क तिसरीकडे, आणि हक्क बदलल्याची प्रत्येक घटना चौथीकडे, क्रमांकासह. संगणकशास्त्राचा गंध नसलेल्या माणसांनी हे घडवलंय. मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा तलाठ्याच्या दप्तराबद्दलचा माझा आदर एकदम दुप्पट झाला.

आता थोडं माझ्या धंद्याकडे. इंदापूरचा धडा सॉफ्टवेअरवाल्यांना नव्याने शिकावा लागला. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने एक परिषद भरवली होती, तिथे 'सॉफ्टवेअरचं संकट' हा शब्द चर्चेत आला. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष प्रोग्रॅम नीट कसा लिहावा ह्याकडे. मग हळूहळू लक्षात आलं की पुष्कळदा प्रोग्रॅम बरोबर असतो, पण भलत्याच गोष्टीचा असतो. १९८२ साली ग्रीनस्पॅन, मायलोपुलस आणि बोर्गिडा ह्या तिघांनी एक निबंध वाचला. त्यांचा मुद्दा असा, की मागण्यांच्या कागदात फक्त 'यंत्राने काय करावं' हे लिहून भागत नाही, यंत्र ज्या जगात बसणार त्या जगाचं ज्ञान त्यात उतरलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक भाषाच घडवली: त्यात वस्तू, कामं आणि विधानं अशा तीनच जाती, आणि प्रत्येकाला काळाचं भान.

नंतर इंग्लंडमध्ये मायकेल जॅक्सन झाला. (गाणारा नव्हे. हा विनोद त्याने आयुष्यभर सहन केला असणार.) १९९५ च्या पुस्तकात त्याने एक साधा नियम सांगितला: तुमच्या कागदात येणारा प्रत्येक मूळ शब्द बाहेरच्या जगात कसा ओळखायचा, ते आधी लिहा. म्हणजे विंगेटची 'खणून बघा' ही अट! ब्राझीलमध्ये जुलिओ लेइते ह्याने धंद्यातल्या शब्दांचा असा कोश करायची रीत बसवली की ज्यात प्रत्येक शब्दापाशी त्याचा अर्थ आणि त्यामुळे काय काय घडतं, अशा दोन्ही नोंदी हव्यात. तेही शक्यतो त्याच कोशातले इतर शब्द वापरून. आणि २००६ च्या सुमाराला जपानमध्ये काइया आणि साएकी ह्यांनी ते पुढे नेलं. त्यांची पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात ऑन्टॉलॉजी नुसती भिंतीवर टांगलेली नसते, ती प्रश्न विचारते. गिऱ्हाईकाने सांगितलेलं एकेक वाक्य घ्यायचं, त्यातल्या शब्दांना ऑन्टॉलॉजीतल्या कल्पनांशी जोडायचं, आणि मग बघायचं: ही कल्पना आली तर तिच्यासोबत अमुक कल्पना यायलाच हवी, ती कुठल्याच वाक्यात का नाही? जा, परत विचारून या.

'जा, परत विचारून या' ह्या एका सूचनेची किंमत किती असू शकते, त्यासाठी पुन्हा सातबाऱ्याकडेच यावं लागेल.

जमिनीच्या नोंदी संगणकात घालायची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली आठ राज्यांतल्या एकेका जिल्ह्यात सुरू झाली. महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. पुढे ती सगळीकडे पसरली. दिसायला काम सोपं. कागदावर रकाने आहेत, तेच पडद्यावर करा आणि टाइप करा. पण हाताने लिहिलेला उतारा ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, की त्यावरची निम्मी माहिती रकान्यांत नसतेच. एखाद्या नावाला कंस केलेला असतो. तो कंस म्हणजे व्याकरणातला नव्हे. त्याचा अर्थ 'हा माणूस पूर्वी होता, आता नाही'. शेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा. हे टाइप करणाऱ्याला कोण सांगणार? त्याच्या दृष्टीने कंस हे की-बोर्डवरचं एक चिन्ह.

आणि नावापुढची अक्षरं. 'अपाक' म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मालक लहान मूल आहे, हा त्याचा पालक. 'एकुमॅ' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले की सगळ्या भावंडांच्या वतीने थोरल्याचं एकट्याचं नाव लावायचं आणि पुढे हा शेरा मारायचा, अशी पद्धत होती. एकुमॅ हे नाव नाही, आडनाव नाही, पदवीही नाही. ते एक नातं आहे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं आहेत. कागदावर ती लिहिलेली नाहीत, कारण त्या वेळी गावात ती सगळ्यांना माहीत होती. तलाठ्याला माहीत होती, पाटलाला होती, शेजाऱ्याला होती. पण संगणकाला शेजार नसतो. मी स्वतः असे छापील उतारे पाहिलेत ज्यांत 'एकुमॅ' नावाच्या रकान्यातच, आडनावाला चिकटून बसलेलं आहे.

इथे घरातली मंडळी सावरून बसली असतील. हो, आपल्याच गटाबद्दल बोलतेय. पणजोबा १९६१ साली गेले, आजोबांचं नाव लागलं, पुढे 'एकुमॅ'. मागे दोन धाकटे भाऊ आणि एक बहीण. भावांची मुलं शेतावर होती म्हणून भाऊ कुणाला विसरता आले नाहीत. आत्याआजी लग्न होऊन कराडकडे गेली. तिच्या नातवांनी आज तो उतारा काढला तर त्यावर ती कुठे आहे? त्या तीन अक्षरांच्या आत आहे. तीन अक्षरं एखाद्याला निरर्थक वाटली आणि त्याने पुसली, की ती नाही. (कायद्याने कुणाचा किती वाटा, तो १९५६ च्या वारसा कायद्याचा आणि त्यातल्या दुरुस्त्यांचा विषय आहे, वकिलाला विचारा. मी फक्त नोंदीबद्दल बोलतेय. ह्यावरून फोनाफोनी नको!)

काइया-साएकींच्या पद्धतीने हेच वाक्य तपासलं असतं तर? 'खातेदार मयत झाल्यास वारसांची नावे लावावीत' ही मागणी. ऑन्टॉलॉजी म्हणाली असती: खातेदार दोन प्रकारचे, स्वतःसाठी असलेला आणि समूहाच्या वतीने असलेला. समूह असेल तर सदस्य हवेत. सदस्य कुठे लिहिले आहेत? आणि 'वारस' कुणाचे, मॅनेजरचे की समूहातल्या प्रत्येकाचे? जा, विचारून या. पाच मिनिटांचा प्रश्न आहे. पण तो सुचण्यासाठी 'एकुमॅ' हे अक्षरांचं शेपूट नसून एक नातं आहे, हे कुणीतरी आधी मांडलेलं असावं लागतं.

रिकाम्या रकान्याचीही हीच गंमत. 'इतर हक्क' ह्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, की कुणी लिहून घेतला नाही? नेहमीचा डेटाबेस पहिला अर्थ घेतो: जे लिहिलेलं नाही ते नाही. १९७८ साली रेमंड रायटर ह्यांनी ह्या गृहीतकाला 'बंदिस्त जग' असं नाव दिलं. ऑन्टॉलॉजीसाठी २००४ साली जी प्रमाणभाषा ठरली ती उलट चालते: लिहिलेलं नाही म्हणजे फक्त माहीत नाही. आपल्याकडचे नैयायिक ह्याच्याही पुढे गेले होते. 'अभाव' हा त्यांनी स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याचे चार प्रकार केले. त्यातला प्रागभाव म्हणजे अजून झालेलं नाही, प्रध्वंसाभाव म्हणजे होतं पण आता नाही, अत्यंताभाव म्हणजे कधीच नव्हतं. (आपल्या पूर्वजांना कॉम्प्युटर येत होता असलं काही मी म्हणत नाहीये, तसे फॉरवर्ड मलाही येतात आणि मी ते पुढे पाठवत नाही.) पण सातबारा समोर ठेवून बघा. कंस केलेलं नाव म्हणजे सरळसरळ प्रध्वंसाभाव. अर्ज दिलाय पण फेरफार मंजूर व्हायचाय, तो प्रागभाव. रिकामा रकाना ह्यातला कुठला, हे मात्र कुठलाच उतारा सांगत नाही.

जगात इतरत्रही जमिनीच्या नोंदी संगणकात जात होत्या आणि प्रत्येक देश ह्याच खड्ड्यांत नव्याने पडत होता. म्हणून हॉलंडमधल्या ख्रित लेमन आणि पीटर फान ओस्टेरोम ह्या दोघांच्या पुढाकाराने २००२ साली, मोजणीदारांच्या जागतिक संघटनेच्या वॉशिंग्टनच्या अधिवेशनात, जमिनीच्या नोंदींचं एक सामाईक प्रारूप मांडलं गेलं. दहा वर्षं त्यावर घासाघीस होऊन २०१२ साली ते आयएसओचं १९१५२ क्रमांकाचं प्रमाण झालं. आत बघितलं तर ओळखीची मंडळी भेटतात: पक्ष, म्हणजे माणसं, जमिनीचा तुकडा, आणि मध्ये हक्क, निर्बंध, जबाबदाऱ्या. (वर्ग २ ची जमीन आठवा: हक्क आणि निर्बंध एकत्र.) प्रत्येक गोष्टीला सुरुवात आणि शेवट. आणि पक्षांमध्ये 'समूह' नावाचा एक खास प्रकार आहे. त्याचे सदस्य वेगळे लिहिता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही. एकत्र कुटुंबासाठी हाती शिवल्यासारखा तो बसतो. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे एकुमॅ नक्कीच नसणार. पण समूहाने जमीन धरणारी माणसं जगभर आहेत आणि सगळीकडे एकाचंच नाव पुढे येतं.

ह्यावर माझी एक कुरकूर आहे. असं प्रारूप हातात आलं की आमचे लोक गावात जाणंच सोडतात. प्रारूपात जे आहे ते विचारायचं, नाही ते विचारायचं नाही. म्हणजे फिरून प्रिंगल. आयती ऑन्टॉलॉजी प्रश्न सुचवायला उत्तम, पण तिच्यात बसत नाही असं काही कुणी सांगितलं तर वही बदलायची तयारी हवी. सावकाराचा रकाना विंगेटच्या वहीत कुठल्याही प्रमाणाने आपोआप उमटला नसता.

महाराष्ट्रात चुका निस्तरण्याचं मोठं काम झालं ते मात्र फार जुन्या पद्धतीने. २०१७ साली गावोगावी चावडी वाचन झालं: संगणकातले उतारे चावडीवर मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चूक असेल तिथे थांबवायचं. मी जन्मात जितक्या रिक्वायरमेंट-तपासणीच्या मीटिंगा केल्या त्या सगळ्यांपेक्षा ही मला सरस वाटते. ज्याचं शेत तोच समोर बसलेला, आणि कान सगळ्यांचे उघडे. अर्थात जी कराडकडे दिलेली आहे ती चावडीवर नसते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळायला लागला. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाच बदलला: गेलेल्या खातेदारांची नावं कंसाऐवजी आडवी रेघ मारून दाखवायला लागले, खाते क्रमांक नावासमोर आला, आणि प्रलंबित फेरफार असेल तर तो उताऱ्यावरच दिसायची सोय झाली. प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव, दोघांनाही एकदाची हक्काची जागा मिळाली म्हणायची!

२०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची, आणि पुढच्या टप्प्यात अपाक, एकुमॅ असले जुने शेरेही काढायचे. शेरा काढायचा म्हणजे आधी त्याच्या आतली माणसं बाहेर काढून लिहायची, की नुसती तीन अक्षरं पुसायची, हे प्रत्येक गावात जो फेरफार धरला जाईल त्यावर ठरणार. आपल्या गटापुरतं बोलायचं तर १९६१ च्या फेरफाराची नक्कल लागेल, सहा नंबरच्या वहीतली. पणजोबांचे सगळे वारस त्यात नावानिशी लिहिलेले असायला हवेत, मुलींसकट. मोठ्या काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुने कागद आहेत असं आई म्हणते. पुण्यातलं कुणी ह्या महिन्यात गावी जाणार असेल तर ती ट्रंक उघडून बघा, आणि सापडलं तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा. समासात शाईने काही खरडलेलं असेल तर तेही येऊ द्या.